पहिलं फळ बियाचं

माझ्या वहिनीच्या वांग्याला कुणी नावं ठेवली की मला राग येतो, आणि मला राग आला की समोरच्याची धडगत नसते. घरात मला मिरची म्हणतात ते काही रंगावरून नाही. पण त्या दिवशी रोपवाला माझ्या दादाच्या दारात उभा राहून म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण वहिनींच्या बियातच खोट आहे," तेव्हा मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. माझं निम्मं आयुष्य बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत गेलंय. त्याच्या हातातलं वांगं बघून मलाही तेच वाटलं होतं.

वांगं वरून झकास, जांभळं, पांढऱ्या रेघांचं. खालून मात्र एक खोलगट तपकिरी डाग, आणि त्या डागावर बारीक काळे ठिपके, गोलात गोल. मी बोट लावलं तर बोट सरळ आत गेलं.

दादा एरवी शांत माणूस. दहा वेळा विचारलं की एकदा बोलणारा. पण त्या दिवशी तो उसळला. "ती जाऊन वर्ष झालं नाही अजून, आणि तू तिच्या बियाला खोटं ठरवायला निघालास? तुझ्या मांडवाखाली रोपं सडली असतील. माझ्या दारात येऊन बोंब मारू नकोस."

"माझी रोपं चांगलीच होती हो," रोपवाला काकुळतीला आला. "लागली, वाढली, फुलली. फळ धरलं आणि हे असं. ज्यांनी ज्यांनी रोपं नेली ते सगळे माझ्या नावानं शंख करतायत. वहिनींचं बी म्हणून डोळे झाकून लावलं मी. आणि तुमच्या मळ्यात तरी काय वेगळं आहे? मी येताना बघून आलो."

ते खरंच होतं. दादाच्या मळ्यातही निम्मी फळं झाडावरच कुजत होती. गेली काही वर्षं थोडी थोडी कुजायचीच, यंदा कहर झाला होता. दादा दाराला टेकला. रोपवाला माणूस वाईट नव्हे. त्यानं ते वांगं हळूच पायरीवर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेला.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं, नाहीतर एका वांग्यासाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं दिलेली बियाची एक पुरचुंडी घेऊन आली होती. त्या पुरचुंडीतून हे वांगं आमच्याकडे आलं, आणि तिनं ते आजूबाजूच्या सगळ्यांना दिलं. विकलं कधीच नाही. कुणी मागितलं की मूठभर बी हातावर ठेवायची आणि वर दम द्यायची, "मेलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही." वांग्याला म्हणायची की बियाला, देव जाणे.

बी धरायची तिची रीत ठरलेली होती. प्रत्येक झाडाचं पहिलं फळ बियाचं. पहिलं फळ म्हणजे अगदी खालचं, मोठं, वजनानं मातीला टेकलेलं. ते दिसलं की वहिनी खाली वाकून त्याच्या देठाला लाल दोरा बांधायची. मग त्या फळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ते झाडावरच पिवळं होईपर्यंत राहायचं, मग चिरून, चोळून, धुऊन, सावलीत वाळवून, चिमूटभर राखेत घोळवून बरणीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दादाला हंगामाचं पहिलं वांगं खायला मिळायचं नाही. तो म्हणायचा, "नवऱ्याच्या तोंडचं काढून बियाला पोसलंय हिनं."

मी तिला कितीदा सांगितलं असेल! "वहिनी, मातीला टेकलेलं फळ बियाला धरू नका. मातीतली बुरशी फळात शिरते, फळातून बियात, बियातून पुढच्या झाडात. दरवर्षी तुम्ही तिला हातानं पेरताय. वरचं फळ धरा."

"वन्सं," ती हसून म्हणायची, "तुमच्या बशीत उगवतं ते तुमचं, माझ्या वाफ्यात उगवतं ते माझं. पहिलं ते पहिलंच. आई सांगून गेलीय."

पालथ्या घड्यावर पाणी. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी हरायलाही बरं वाटायचं.

रोपवाला गेल्यावर दादा आत गेला. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर बियाच्या तीन बरण्या होत्या, तीन हंगामांच्या. पहिली तळाला गेलेली, दुसरी अर्धीमुर्धी. जुनं बी आधी संपवायचं ही पण वहिनीचीच शिस्त, त्यामुळे यंदा दादानं आणि रोपवाल्यानं पेरलं ते या दोन बरण्यांतलं. तिसरी बरणी गच्च भरलेली. तो वहिनीचा शेवटचा हंगाम. त्यानंतरच्या थंडीत तिची पाठ दुखायला लागली, आणि उन्हाळा यायच्या आत ती गेली.

"जाळून टाकतो सगळं," दादा म्हणाला. "लोकांच्या शिव्या खायला ठेवायचं का तिचं बी? तिला शिव्या बसतायत त्या."

"एवढी घाई कशाला? तपासते मी. आठवडाभर कळ काढ."

"आणि तिन्ही सडकी निघाली तर?"

"तर मीच काडी लावीन," मी म्हटलं. आवाज मुद्दामच चढा ठेवला. दुसरीकडे कुठेच हे बी निरोगी उरलं नव्हतं. ज्याला त्याला तिनंच दिलेलं, आणि जिथे दिलं तिथे बुरशीही गेलेली. या तीन बरण्यांत चांगलं बी निघालं नाही, तर वहिनीचं वांगं संपलं.

पहिल्या दोन बरण्या दादानं मुकाट्यानं दिल्या. तिसरी मात्र छातीशी धरून बसला. "हिचं झाकण तिनं लावलंय," तो म्हणाला. "तिच्यानंतर उघडलं नाहीये कुणी."

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, दारात उभी होती. ती पुढे येऊन त्याच्या शेजारी बसली. "बाबा, तुम्हीच उघडा," एवढंच म्हणाली. त्यानं झाकण फिरवलं. ते इतकं घट्ट होतं की त्याला दोनदा जोर लावावा लागला. चिमूटभर बी माझ्या कागदावर टाकलं आणि झाकण लगेच परत लावलं. मग डोळे पुसत म्हणाला, "एक बरं झालं, मिरचे. फार सोसलं नाही तिनं. कळायच्या आत गेली."

हे वाक्य तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. कळायच्या आत गेली. डॉक्टर एकदा म्हणाले होते की हे दुखणं आत निदान वर्षभर तरी असणार. दादा त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेला नाही. "तिला दुखलं असतं तर मला सांगितलं नसतं होय?" असं मला म्हणाला होता. मी हो ला हो केलं होतं.

आमचं काम म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. काचेच्या बशीत ओला टिपकागद घालायचा, त्यावर बिया अंतर राखून मांडायच्या, आणि दिव्याखालच्या कपाटात ठेवून वाट बघायची. ओलाव्यात बी जागं होतं आणि त्याच्या आत जे कोण लपून बसलेलं असेल तेही जागं होतं. वरून कितीही गोंडस दिसलं तरी बशीत बियाचं बिंग फुटतंच. मी रोज कपाट उघडून बघत होते. बघू नये, उगाच वारा लागतो, हे नवीन आलेल्या मुलींना मीच ओरडून सांगते.

ठरलेल्या दिवशी पहिल्या बरणीच्या बशा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. नको तेच. बियांच्या सालीवर काळे कण, आणि कणांतून बाहेर आलेला चिकट फिकट द्रव. फळकुजीची बुरशी. दुसरी बरणी तशीच, किंबहुना जास्तच. मग तिसरीची पहिली बशी घेतली.

काहीच नव्हतं. पांढरे स्वच्छ मोड. मी भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. दुसरी बशी, तिसरी बशी. सगळ्या मिळून एखाददुसरं बी काळं, बाकी चोख. माझा विश्वास बसेना म्हणून मी उरलेलं बी पुन्हा मांडलं, पुन्हा आठवडाभर थांबले. पुन्हा तेच आलं. मग मात्र मी प्रयोगशाळेचा कोट अंगात तसाच ठेवून दादाकडे पळाले.

"जिवंत आहे!" मी दारातूनच ओरडले. "तिसरी बरणी चांगली आहे, दादा! वहिनीचं वांगं जिवंत आहे!"

दादानं आधी ऐकलंच नसल्यासारखं बघितलं. मग हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा मी त्याला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. भाचीनं चहा टाकला. दादा बरणी मांडीवर घेऊन बसला आणि त्यानं रोपवाल्याला फोन करून, वर दोन शेलके शब्द ऐकवून, मांडव तयार ठेवायला सांगितलं.

पण मला चैन पडेना. आमच्या धंद्यात वाईट निकालापेक्षा चांगल्या निकालाचा संशय जास्त येतो. "मला एक सांग," मी म्हटलं. "मळा तोच, झाडं तीच, हात तोच. मग याच वर्षीचं बी चांगलं कसं? बरणी बदलली नाही ना?"

"काहीतरीच काय! माझ्यासमोर भरलीय."

तेवढ्यात भाची कप खाली ठेवत हसली. "आत्या, आईनं आम्हाला पहिलं वांगं खाऊ दिलं ना, ते हेच वर्ष! आठवतंय, बाबा? म्हणाली, खा यंदा, बियाला वरची ठेवलीत. मी मळ्यात जाऊन बघितलं तर खरंच, सगळे लाल दोरे वरच्या फांद्यांना. मी म्हटलंसुद्धा, आई, सूर्य कुठे उगवला आज?"

"तरीच!" मी मांडीवर थाप मारली. "वरची फळं, मातीला न टेकलेली! म्हणजे ऐकलं म्हणायचं माझं! इतकी वर्षं घसा फोडला, शेवटी ऐकलंन बयेनं! तोंडावर कबूल केलं नाही, पण केलं बरोबर."

मी एकटीच बोलत होते. दादाचं हसू मावळलं होतं.

"ती कुणाचं ऐकणारी नव्हती, मिरचे," तो म्हणाला.

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारामागे हात घालून त्यानं वहिनीचं खुरपं काढलं. साधं खुरपं, पण त्याला काठीएवढा लांब दांडा. मी ते तिथे कितीदा पाहिलं होतं, मनात कधी काही आलं नव्हतं.

"हा दांडा मी त्याच हंगामात बसवला," दादा म्हणाला. "म्हणाली, बसून बसून कंटाळा येतो हो, एक लांब दांडा लावून द्या ना. मी म्हटलं, वा, महाराणी आता उभ्यानं राज्य करणार! ती हसली. मी पण हसलो. चांगला गुळगुळीत तासून दिला." त्यानं दांड्यावरून अंगठा फिरवला. "मिरचे, तिला वाकता येत नव्हतं."

भाचीनं तोंडावर हात घेतला.

"थंडीत दुखायला लागलं म्हणाली ती. थंडीत नाही, तेव्हाच दुखत होतं. वांगी लागली तेव्हा. खालच्या फळापर्यंत हात पोचत नव्हता तिचा, म्हणून वर बांधले दोरे. आणि मी..." त्यानं खुरपं भिंतीला टेकवलं. "मी ती खालची वांगी खाल्ली गं. मिटक्या मारत खाल्ली. म्हटलं, इतक्या वर्षांनी बायकोला दया आली. दोनदा मागून घेतली भाजी. ती वाढत होती आणि उभ्यानंच बघत होती. ती आमच्याबरोबर खाली बसली नाही, हेसुद्धा मला आत्ता आठवतंय."

"दादा..."

"सगळ्यांना सांगत फिरलो, कळायच्या आत गेली. तिला कळलं होतं. सगळं वर्ष कळत होतं तिला. समोर वावरत होती आणि मला दिसलं नाही."

दादाला समजवायचं तर काय समजवणार? आणि मला वहिनीचा राग आला. इतका आला की ती समोर असती तर मी तिला गदागदा हलवलं असतं. बाई, आईची रीत मोडलीस, इतक्या वर्षांची, आणि एका अक्षरानं बोलली नाहीस की का मोडतेस! मी तिथेच, पांढऱ्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडले. मी खुशीची बातमी घेऊन आले होते, आणि माणसाकडे जो एक दिलासा होता तोच काढून घेतला.

दादानं बरणी माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा. मला नको हे बी. तिच्या दुखण्यातून आलंय."

"म्हणून तर फेकता येणार नाही," मी म्हटलं. आवाज रडका होता, पण चढला. "दुखत असताना धरलंय तिनं. जमत नव्हतं तर सोडून दिलं असतं, यंदा बी नाही म्हणाली असती. तिनं हात पोचेल तिथलं धरलं. तू आता जाळतोस म्हणतोस?"

मी निघाले तेव्हा बरणी परत फळीवर होती.

पुढचं काम आम्ही तिघांनी केलं. चोख बियातही एखादं काळं असतंच, म्हणून गरम पाण्याची प्रक्रिया करायची ठरली. बी कापडाच्या सैल पुरचुंडीत बांधायचं आणि पन्नास अंशांच्या पाण्यात अर्धा तास धरायचं. पाणी थोडं गार झालं तर बुरशी मरत नाही, थोडं जास्त तापलं तर बीच मरतं. भाची चुलीपाशी, मी तापमापी घेऊन, आणि पुरचुंडी दादाच्या हातात. "हात भाजेल, चिमट्यानं धर," मी म्हटलं. त्यानं चिमटा घेतला नाही. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून, वाफेत हात धरून अर्धा तास उभा राहिला, आणि मी आकडा वाचला की नुसती मान हलवत होता. मग बी गार पाण्यातून काढलं, सावलीत पसरलं, पेरताना मित्रबुरशीची, म्हणजे रोगट बुरशीला मारणाऱ्या बुरशीची, भुकटी चोळली. जुन्या वाफ्यातली झाडं मुळासकट उपटून जाळली. जिथे बरीच वर्षं वांगं लावलं नव्हतं तिथे नवी लागवड केली, झाडांना काठ्या दिल्या, खाली गवत अंथरलं. पहिल्या दोन बरण्या दादानं स्वतः आगीत रिकाम्या केल्या. बी तडतडत होतं तेव्हा तो तिथून हलला नाही.

रोपं चांगली आली. फुलली. रोपवाला रोज काहीतरी निमित्त काढून चक्कर मारायचा आणि लांबूनच बघून जायचा. एका सकाळी भाचीचा फोन आला, "आत्या, फळ धरलंय. बाबा तुला बोलवतायत."

मी गेले तेव्हा दादा लाल दोऱ्याचं रीळ खिशात घालून बांधावर बसला होता. पहिली फळं खाली लागली होती, तजेलदार, डाग नाही. दादा गुडघ्यावर बसला आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत त्यानं ती सगळी तोडली. टोपली भरली. ती त्यानं भाचीकडे दिली. "रोपवाल्याच्या घरी देऊन ये," म्हणाला. "आपल्या घरात नकोत."

मग गुडघे झाडत उभा राहिला. "किती उंचावरचं धरायचं बियाला?"

"जमिनीपासून वीतभर सुटलेलं कुठलंही चालेल," मी म्हटलं. "पाण्याचे शिंतोडे उडून पोचायला नकोत, बस्स."

"तसं नाही विचारत. तिनं कुठे बांधले असतील?"

दादा पहिल्या झाडापाशी ताठ उभा राहिला, हात बाजूला सैल सोडले आणि बोटं कुठे पोचतात ते बघितलं. मान हलवली. "ती माझ्या खांद्याला लागायची," म्हणाला. मग त्यानं गुडघे थोडे वाकवले, पाठ मात्र सरळ ठेवली, आणि तिच्या उंचीवरून हात पुढे केला. तिथे पानाआड एक लहान वांगं होतं. दादानं त्याच्या देठाला दोरा बांधला आणि तसाच, गुडघे वाकवून, पुढच्या झाडाकडे गेला.